गळका ब्रेड, फाटलेलं चीज: गरम डिपच्या प्रकल्प नोंदी

२ जानेवारी

मोठा गोल ब्रेड घ्यायचा, वरून झाकण कापायचं, आतला गर काढायचा, त्या पोकळीत पालक आणि चीजचं गरम डिप भरायचं, ओव्हनमध्ये तापवायचं आणि मधोमध ठेवून दहा-बारा जणांनी तोडून, बुडवून खायचं. तारीख १८ जानेवारी. तोवर हात बसायला हवा, म्हणून आजपासून नोंदी.

ही दोन कामं आहेत, एक नाही, हे धरून चालले आहे. डिप वेगळं आणि भांडं वेगळं. शिवाय हे भांडं पाणी पितं. वाटीत छान लागणारं डिप ब्रेडमध्ये छान राहीलच याची खात्री नाही. त्यामुळे आधी डिप जमवायचं, मग ब्रेड, आणि शेवटी दोघांची गाठ घालायची. डिपचे प्रयोग सगळे चतकोर प्रमाणात. यात महाग वस्तू एकच, ती म्हणजे चीज, आणि ते बिघडलं की पैसे गेलेच.

ताईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, तुझ्या ओव्हनमध्ये तो ब्रेड मावतो का बघितलंस?" रिकामा ओव्हन उघडून पट्टीने मोजलं. जाळी मधल्या खणात लावली तर वरच्या कॉइलला ब्रेड जवळजवळ टेकतो. सगळ्यात खालच्या खणात लावली की वर चार बोटं जागा राहते. ज्यांचा ओव्हन छोटा आहे त्यांनी ब्रेड आणण्याआधी हे मोजावं. भरलेला ब्रेड हातात घेऊन उभं राहिल्यावर कळलं तर करण्यासारखं काही उरत नाही.

४ जानेवारी

पहिली खेप फाटली.

चव जुन्या चीजला असते म्हणून चांगलं मुरलेलं चेडार घेतलं. पातेल्यात क्रीम तापवलं, उकळी फुटली तसं किसलेलं चीज एकदम ओतलं आणि मध्यम आचेवर ढवळत राहिले. सुरुवातीला एकजीव दिसलं. मग कडेला तेलाचे थेंब सुटायला लागले, आणि मिनिटभरात वर पिवळा तवंग आणि खाली चमच्याबरोबर फिरणारा चिवट गोळा.

कारण साधं आहे. चीजमधलं प्रथिन, म्हणजे केसीन, चरबी आणि पाणी आपल्या जाळीत धरून ठेवतं. आच चढली की ती जाळी आकसते आणि धरलेलं सोडून देते. चीज जितकं मुरलेलं तितकी जाळी आधीच खिळखिळी, म्हणून ते लवकर हात टेकतं. कोवळं चेडार अशा वागणुकीत जास्त वेळ टिकून राहतं.

वाचवायचा प्रयत्न केला. गॅसवरून उतरवलं, दोन चमचे थंड दूध आणि लिंबाचे चार-पाच थेंब घालून तारेच्या व्हिस्कने जोरात फेटलं. तेल बरंचसं परत आत शिरलं, पण कण काही गेले नाहीत. जिभेला रवाळ लागत होतं. घरच्या घरी टोस्टवर घालून संपवलं. पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखं नव्हतं.

५ जानेवारी

आज चीज तेच, पण आधी मैद्याचा आधार दिला. पुढे सगळी मापं पूर्ण प्रमाणाची लिहिते, म्हणजे कोणाला गुणाकार करत बसायला नको.

लोणी १५ ग्रॅम, मैदा १५ ग्रॅम. मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परतायचं, रंग येऊ द्यायचा नाही. त्यात २०० मिली दूध थोडं थोडं घालत गुठळ्या मोडायच्या आणि एक उकळी येऊ द्यायची. उकळी टाळून चालत नाही, त्याशिवाय मैदा नीट फुलत नाही आणि नंतर डिप पातळ पडतं. मग गॅस बंद. पातेलं बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबायचं आणि मग मुठीमुठीने चीज. पहिली मूठ विरघळल्याशिवाय दुसरी नाही.

फाटलं नाही. स्टार्च मध्ये शिरतं आणि प्रथिनाचे गोळे जमू देत नाही.

लगेच लोभ सुटला आणि मैदा दुप्पट करून बघितला. घट्ट झालं, पण गार होताच कपड्यांच्या खळीसारखं झालं आणि चीजची चव कुठे गेली ते कळेना. १५ ग्रॅमच बरोबर. घट्टपणा हवा तर तो क्रीम चीजमधून आणायचा, मैद्यातून नाही.

६ जानेवारी

क्रीम चीज २२५ ग्रॅम. फ्रीजमधून काढून थेट घातलं तर पांढरे ठिपके राहतात आणि ते कितीही ढवळलं तरी जात नाहीत. तासभर बाहेर ठेवून, चमच्याने मऊ करून, मगच घालायचं. क्रम असा: आधी पांढरा सॉस, मग क्रीम चीज, मग बाकीचं चीज.

बाजारातलं आयतं किसलेलं चीज वापरून बघितलं, कारण किसायचा कंटाळा. ते एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्चची किंवा सेल्युलोजची भुकटी लावलेली असते. वितळलं, पण जिभेवर बारीक पीठ जाणवत राहिलं. पिझ्झ्यावर घालायला ठीक आहे, इथे नको. वडी आणून घरी किसावी. वडी थंड असतानाच किसली तर किसणीला चिकटत नाही. बारीक भोकांची किसणी घ्यावी, कारण कीस बारीक असला की कमी उष्णतेत विरघळतो.

मोझरेला नुसतं घातलं तर तारा सुटतात. बघायला मजा येते, पण वाटीपासून तोंडापर्यंत लांबलेली तार तुटत नाही आणि शर्टावर पडते. आणि गार झालं की चिवट. म्हणून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ठरलेलं मिश्रण: मुरलेलं चेडार १००, कोवळं चेडार ५०, मोझरेला ७५ ग्रॅम.

७ जानेवारी

एक फार कामाची युक्ती हाती लागली. कोवळ्या चेडारच्या ५० ग्रॅममधलं ४० ग्रॅम काढून त्याजागी प्रोसेस्ड चीजच्या स्लाइस घातल्या. अस्सल चीजवाले नाकं मुरडतील, मुरडू देत. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. ते केसीनला बांधून ठेवणारं कॅल्शियम आपल्याकडे ओढतात, प्रथिन मोकळं होतं आणि चरबीला छान धरून ठेवतं. १९१६ साली जेम्स क्राफ्टने अमेरिकेत प्रोसेस्ड चीजच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपल्याला त्या शोधाचा फायदा दोन स्लाइसमध्ये मिळतो.

मुद्दाम छळलं. डिप मंद आचेवर पुन्हा तापवलं, गार केलं, परत तापवलं. तवंग आला नाही. स्लाइस न घातलेली वाटी दुसऱ्यांदा तापवताना कडेने तेल सोडायला लागली. ज्या दिवशी डिप आदल्या रात्री करून ठेवायचं आहे, त्या दिवशी हा फरक फार मोलाचा आहे.

१०० ग्रॅम स्लाइस घालून पाहू नका. गुळगुळीत होतं, पण चव सपाट.

८ जानेवारी

पालक. इथे निम्म्या लोकांचं डिप बिघडत असणार.

पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. पानं थोड्या लोण्यावर परतून, वरचं पाणी ओतून टाकून डिपमध्ये मिसळली. वाटीत ठीक दिसत होतं. अर्ध्या तासाने कडेने हिरवट पाण्याची रेघ उमटली आणि डिप मध्यभागी आकसून बसलं. हेच ब्रेडमध्ये झालं असतं तर ते पाणी तळाला गेलं असतं आणि तळ गेलाच.

दुसऱ्या जुडीला वेगळी वागणूक दिली. ५०० ग्रॅम पालक निवडून, धुऊन, मीठ न घालता झाकण ठेवून दोन मिनिटं वाफवला. चाळणीत पसरून पूर्ण गार होऊ दिला, कारण गरम पालक हातात धरवत नाही आणि मग माणूस पिळण्यात हयगय करतो. मग सुती फडक्यात घेऊन पुरचुंडी केली आणि एक टोक धरून दुसरं पिळत गेले. खालच्या वाडग्यात गर्द हिरवं पाणी साठलं. थांबावंसं वाटलं तेव्हा फडकं उघडून पालक मोकळा केला, परत बांधला, परत पिळला. दुसऱ्या पिळण्यात पहिल्याच्या निम्मं तरी पाणी अजून निघालं. शेवटी मुठीत मावेल एवढा, कोरडा, चुरा होणारा गोळा उरला, दोनशे ग्रॅमच्या आत. चिरून मोकळा केला. हाच डिपमध्ये गेला आणि तासाभराने बघितलं तर कडेला रेघ नाही.

फ्रोझन पालक घेतला तर वाफवायचं वाचतं, पिळायचं नाही.

कांद्याचंही तेच. एक मध्यम कांदा बारीक चिरून, पाणी आटून कडा सोनेरी होईपर्यंत परतायचा. लसूण कच्ची घातली तर दुसऱ्या दिवशी तिखट होऊन वर येते. आख्खा गड्डा डोकं कापून, तेल लावून, फॉइलमध्ये गुंडाळून २०० अंशांवर पाऊण तास भाजला. पाकळ्या दाबल्या की लोण्यासारखा गर बाहेर येतो. या एका पदार्थाने डिपची जात बदलली.

मीठ अगदी शेवटी. चीज, लोणी, स्लाइस सगळ्यातच मीठ असतं. मला चिमूटभरसुद्धा लागलं नाही. मिरपूड आणि किंचित जायफळ घातलं.

१० जानेवारी

आता ब्रेड.

मऊ, दुधाचा गोल ब्रेड स्वस्त आणि सहज मिळणारा, म्हणून त्यापासून सुरुवात. गर काढताकाढताच भिंती आत वळायला लागल्या. डिप भरल्यावर एक बाजू हळूहळू बसली. तो ब्रेड आधार न देता, बशीतल्या बशीत पसरला.

मग जाड, कडक सालीचा, आंबवलेल्या पिठाचा गोल ब्रेड आणला, साधारण ७०० ग्रॅमचा, २२ सेंटीमीटर व्यासाचा. ताजा, अजून कोमट असलेला कापायला घेतला तर गर सुरीला चिकटून ओढला जातो आणि आतून फाटतो. एक दिवस शिळा झाला की गर घट्ट होतो आणि सुरी सरळ चालते. बेकरीतून आदल्या दिवशी आणणं हा आळस नाही, ती गरज आहे.

ब्रेड उलटा करून तळ जरूर बघा. काहींच्या तळाला फुगताना पडलेली भेग असते. तो ब्रेड खायला चांगला, याला नाही.

कापायची पद्धत: दातेरी सुरी सरळ खाली न घालता तिचं टोक मध्याकडे तिरपं धरायचं, म्हणजे झाकण उलट्या शंकूच्या आकाराचं निघतं आणि परत ठेवलं की आत पडत नाही. सुरीच्या पात्यावर टोकापासून ७ सेंटीमीटरवर चिकटपट्टी लावली. पट्टी ब्रेडला टेकली की थांबायचं. ब्रेडची उंची १० ते ११ होती, त्यामुळे तळाला तीन-एक सेंटीमीटर राहतात. झाकण काढल्यावर भिंतीपासून दोन सेंटीमीटर आत गोल रेघ मारून घेतली आणि गर बोटांनी उपटला. चमच्याने खरवडलं तर भिंत कुठे पातळ झाली ते कळत नाही. बोटांना कळतं.

आतली पोकळी किती हे बघायला पोकळीत पातळ फॉइल अंथरून त्यात कोरडे वाटाणे भरले आणि मग ते मापी भांड्यात ओतले. ९०० मिलीच्या आसपास भरले. माझं डिप सगळं मिळून साधारण तेवढंच होतं, हा नशिबाचा भाग. तुमचा ब्रेड लहान असेल तर हे मोजून मगच डिपचं प्रमाण ठरवा, नाहीतर निम्मं डिप पातेल्यात राहतं आणि ब्रेड काठोकाठ भरून ओसंडतो.

११ जानेवारी

ब्रेड ओलसर होऊ नये म्हणून काय करावं यावर प्रत्येकाचं वेगळं मत असतं. मोठे ब्रेड फुकट घालवायला जीव धजला नाही, म्हणून चार छोटे कडक गोल बन आणले, सगळे पोखरले आणि प्रत्येकाला वेगळं अस्तर दिलं. एक तसाच. दुसरा १५० अंशांवर पंधरा मिनिटं वाळवलेला. तिसरा वाळवून आत वितळलेलं लोणी फासलेला. चौथा वाळवून आत किसलेलं चेडार भुरभुरून, ते वितळून साल धरेपर्यंत भाजलेला. चौघांत गरम डिप भरून पाऊण तास ठेवलं आणि मग सुरीने मधोमध कापले.

तसाच ठेवलेला: गर पार ओला, बाहेरची सालसुद्धा दाबली की दबत होती. नुसता वाळवलेला: आतून निम्म्या जाडीपर्यंत ओल, पण साल ताठ. लोणी लावलेला: ओल अगदी काठाला, पातळ पट्टी. चेडारचं अस्तर: ओल जवळजवळ नाहीच, पण ते अस्तर गार झाल्यावर चामड्यागत होतं आणि ब्रेड तोडताना पूर्ण पापुद्रा ओढला जातो.

लोण्यावर शिक्कामोर्तब. तळाला मात्र चेडारचा पातळ थर द्यायचा, कारण तळ सगळ्यात शेवटी खाल्ला जातो आणि सगळ्यात जास्त वेळ ओझं तोच वाहतो.

१३ जानेवारी

पहिली पूर्ण जुळणी. डिप काल रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. ते तसंच थंड, चमच्याने ब्रेडमध्ये दाबून भरलं आणि १८० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवलं. ब्रेड भाजला जाईल तसं डिपही तापेल असा हिशेब.

अर्ध्या तासाने वरचा थर बुडबुडत होता, कडा लालसर. बाहेरून काम झालेलं. थर्मामीटर मध्यभागी खुपसला तर ३५ अंश. परत आत. आणखी पंधरा मिनिटांनी झाकणाची कडा करपली आणि मध्यभाग ५० च्या खालीच.

ब्रेड हवेने भरलेला असतो. उष्णता त्यातून फार हळू जाते. आपण पावशेर-अर्धा किलो नव्हे, किलोभर थंड डिप एका उबदार गोधडीत गुंडाळून तापायला ठेवतोय, आणि बाहेरची गोधडी आधी जळते. शिवाय इतका वेळ डिप कोमट राहतं, तेही बरं नाही. शिजवलेलं अन्न एकतर गरम असावं किंवा गार, मधल्या तापमानात रेंगाळलेलं नको. फ्रीजमधलं परत तापवताना आत ७५ अंश गाठायचे हा नियम ठेवला आहे.

आजचा दिवस ओव्हनच्या दारासमोर गेला. एक ब्रेड आणि पूर्ण प्रमाणाचं डिप खर्ची. डिप चमच्याने खरवडून वाटीत काढून जेवणात संपवलं, करपलेला ब्रेड टाकला.

१४ जानेवारी

ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग ओव्हनमध्ये डिप शिजवतेस कशाला? गॅसवर कर आणि गरम गरम ओत." एवढंच. मी दिवसभर थर्मामीटर घेऊन बसले होते.

१५ जानेवारी

डिप गॅसवर, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं पातेलं ठेवून ७५ अंशांपर्यंत तापवलं. सोबत ओव्हनमध्ये ब्रेडचं कवच वाळवून, लोणी लावून, तळाला चेडार वितळवून गरम ठेवलं. गरम कवचात गरम डिप. १७० अंशांवर फक्त पंधरा मिनिटं, झाकण बाजूला. बाहेरून फॉइलची पट्टी, काठापर्यंत, वरचा भाग उघडा. शेवटची पाच मिनिटं झाकणही जाळीवर. मध्यभागी ७२ अंश, कडा खरपूस, साल करपली नाही.

मग गळलं. तळाजवळ, बाजूला, एक बोटभर डाग ट्रेवर पसरला आणि जळायला लागला. धुराचा वास आला तेव्हा कळलं. गर काढताना तिथे मोठं भोक होतं. आंबवलेल्या ब्रेडमध्ये असे हवेचे खोल कप्पे असतात आणि वरून दिसत नाहीत. त्यावर उपाय: काढलेल्या गराचा ओला, घट्ट गोळा करून भोकात बोटाने दाबायचा, वर थोडं किसलेलं चीज, आणि वाळवताना ते चिकटून जाऊ द्यायचं. वाळवलेलं कवच हातात धरून दिव्यासमोर फिरवलं की अशा जागा उजळ दिसतात. आता हे आधीच करते. ट्रेवर फॉइल अंथरली होती म्हणून बरं, नाहीतर घासण्यातच संध्याकाळ गेली असती.

घट्टपणाबद्दल. पातेल्यात गरम असताना पळीवाढं दिसणारं डिप ब्रेडमध्ये योग्य निघालं. पातेल्यातच जे खायला योग्य वाटतं ते ब्रेडमध्ये गेल्यावर दगड होतं, कारण ब्रेड थोडं पाणी घेतो आणि डिप गार होत जातं. अंदाजाला एक बशी फ्रीजमध्ये ठेवायची. गरम डिपचा एक चमचा त्या थंड बशीवर टाकायचा, मिनिटभर थांबायचं आणि बशी तिरपी करायची. हळू सरकलं तर बरोबर. जागचं हललं नाही तर दोन चमचे दूध. धावत सुटलं तर गॅसवर परत एक वाफ, ढवळत.

१६ जानेवारी

बुडवायच्या तुकड्यांचं. काढलेल्या गराचे तुकडे भाजले तर एवढेसे होतात आणि पहिल्या पाच मिनिटांत संपतात. मऊ गराचा तुकडा डिपमध्येच तुटून राहतो, मग कोणीतरी बोट घालतं. तुकडा साल असलेला हवा, तीन सेंटीमीटरचा, तेलाचा हात लावून १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजलेला, मधून एकदा उलटून. दहा-बारा जणांना बुडवायला दुसरा ब्रेड लागणारच. तो मी सरळ आणला. गाजराच्या आणि सिमला मिरचीच्या उभ्या फोडीही ठेवणार. चीज खाताना मध्ये काहीतरी कचकन लागलं की बरं वाटतं.

१७ जानेवारी, रात्र

डिप करून फ्रीजमध्ये. पालक, कांदा, भाजलेली लसूण सगळं आत. वर प्लास्टिकची फिल्म थेट डिपला टेकवून लावली, म्हणजे साय धरत नाही. ब्रेड कापून, पोखरून, गराच्या गोळ्याने भोकं बुजवून, उघडाच जाळीवर ठेवला. रात्रभर वाळतोय तेवढा वाळू दे. झाकणाच्या आतल्या बाजूचाही गर काढून टाकला, नाहीतर वाफेने तो ओला होऊन वरून डिपमध्ये ठिबकतो.

ब्रेड कापणं, दिव्यासमोर तपासणं, बुजवणं यात अर्धा तास गेला. डिपला पाऊण, त्यातला निम्मा पालकाला.

१८ जानेवारी

वाढायच्या वेळेपासून उलट हिशेब. तास आधी: डिप उकळत्या पाण्यावर ठेवलं. फ्रीजमधून काढल्यावर ते कोरडं, भेगा पडलेलं दिसतं. घाबरायचं कारण नाही, ५० मिली दूध आणि धीर लागतो. मधून मधून तळापासून ढवळत वीस-पंचवीस मिनिटं लागली. ओव्हन तापेपर्यंत कवच १५० वर, मग लोणी, चेडार. बशीची चाचणी. ओतलं. १७० वर पंधरा मिनिटं.

मोठ्या लाकडी पाटावर काढलं, फॉइल सोडली, बाजूला तुकडे. पहिला अर्धा तास झकास. त्यानंतर वरती साय धरली आणि डिप जड झालं. झाकण ठेवून, मधून ढवळून पाऊण तासापर्यंत लांबलं. पुढे लोकांनी भिंती तोडायला सुरुवात केली. वरून खाली तोडत जायचं हे सगळ्यांना सांगावं लागतं. एकाने बाजूची भिंत मध्येच धरून ओढली आणि त्या खिंडीतून डिप पाटावर आलं. तेवढं बोटांनी पुसून खाल्लं गेलं, तक्रार कोणाची आली नाही.

लसूण अजून एक गड्डा चालली असती असं दोघांचं मत. चेडारचं अस्तर तळाला पुरेसं ठरलं, तळ शेवटपर्यंत धरून होता.

दोन तासांनी जे उरलं ते फ्रीजमध्ये, ब्रेडमधून काढून वेगळ्या डब्यात. ब्रेडसकट ठेवलं तर सकाळी दोन्ही एकमेकांत विरघळलेले असतात.

१९ जानेवारी

उरलेल्या ब्रेडच्या भिंतींचे तुकडे ओव्हनमध्ये २०० अंशांवर टाकले. आतून लोणी आणि चीज मुरलेलं असल्यामुळे वेगळं काही लावावं लागलं नाही, आठ मिनिटांत कुरकुरीत. तळाचा भाग मात्र मऊच राहिला, तो भाजून सुधारत नाही.

डिप वाटीभर उरलं होतं. दूध घालून तापवून पास्त्यात मिसळलं. पाण्यावर न ठेवता थेट पातेल्यात तापवलं होतं, तरीही फाटलं नाही.

ताईचा मेसेज: तिला पुढच्या महिन्यात वीस जणांसाठी करायचं आहे आणि एकच मोठा ब्रेड हवा आहे. मी तिला दोन मध्यम ब्रेड घ्यायला सांगितलं. मोठ्या ब्रेडमध्ये भिंत जाड ठेवावी लागते, डिपचं ओझं वाढतं, आणि अर्धे लोक जेवायला उशिरा आले तर दुसरा ब्रेड तोवर ओव्हनमध्ये घालता येतो. तिचं म्हणणं, दोन असले तर फोटोत तेवढं छान दिसत नाही.